३२ आठवडे आणि १५५० ग्रॅम: गर्भाची वाढ खरंच खुंटली आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या रुग्णालयात २३ वर्षांची पहिलटकरीण आली आहे. पाळीच्या तारखेनुसार ३२ आठवडे झालेत. बाहेरच्या सोनोग्राफीत बाळाचं अंदाजे वजन १५५० ग्रॅम, पोटाचा घेर 'दोन आठवडे मागे', नाळेतला रक्तप्रवाह 'नॉर्मल' आणि खाली शेरा 'असिमेट्रिकल आययूजीआर', म्हणजे डोक्याच्या मानाने पोट लहान राहून खुंटलेली वाढ. रक्तदाब १२८/८४. आर्जिनिनच्या पुड्या आधीच सुरू झाल्या आहेत. हे निदान मानायचं का, किती दिवसांनी तपासायचं आणि बाळंतपण कधी करायचं?

यात सर्वांत महत्त्वाची माहितीच आलेली नाही: पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी झाली होती का? गर्भाच्या वजनासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या हॅडलॉकच्या तक्त्यात ३२ आठवड्यांना ५० वा पर्सेंटाइल (शंभर बाळं वजनाच्या चढत्या क्रमाने लावली तर कितवा नंबर) १९५३ ग्रॅम, १० वा १६२१ आणि ३ रा १४६५ आहे. म्हणजे १५५० ग्रॅमचं बाळ दहाच्या खाली आणि तीनच्या वर बसतं. पण तारीख दोन आठवड्यांनी चुकली असेल आणि खरे ३० आठवडेच असतील, तर तिथला ५० वा पर्सेंटाइल १५५९ आहे. बाळ तेच, वजन तेच. तारीख हलली की आजारी बाळ अगदी सरासरी ठरतं. म्हणून सोनोग्राफीचा प्रोब हातात घेण्याआधी फाइल उघडा.

सीआरएल, म्हणजे गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, ४५ ते ८४ मिलिमीटरच्या दरम्यान असताना मोजली असेल तर त्यावरून काढलेलं वय पाच-सात दिवसांपलीकडे सहसा चुकत नाही. ९ ते १३ आठवड्यांत सोनोग्राफीचं वय आणि पाळीचं वय यांत सात दिवसांपेक्षा जास्त फरक असेल तर सोनोग्राफीची तारीख धरा, नसेल तर पाळीची. एकदा ठरली की ती तारीख लाल शाईने कार्डावर लिहा आणि पुन्हा हात लावू नका. सर्वांत जास्त घात इथेच होतो. ३२ आठवड्यांच्या तपासणीत मशीन '३० आठवडे' दाखवतं आणि शेजारी नवी प्रसूतीची तारीख छापतं. ती नवी तारीख कुणीतरी कार्डावर उतरवून घेतो आणि वाढ खुंटलेलं बाळ कागदावर बरं होतं. तिसऱ्या तिमाहीत सोनोग्राफीवरून काढलेलं वय तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकतं, त्यामुळे तिथे तारीख ठरवायचीच नसते.

आपल्याकडे 'दिवाळीच्या आधी चार दिवस' अशा तारखा असतात, अंगावर पाजत असताना पाळी न येताच दिवस गेलेले असतात. अशा वेळी १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी मिळते का पाहा. तिच्यात साधारण दहा दिवसांची चूक गृहीत धरा. तीही नसेल तर लहान मेंदूची आडवी रुंदी मोजा. उपासमारीतही ती बरीचशी टिकून राहते, म्हणून तिचा आधार घेता येतो; तारीख पक्की करण्याइतका मात्र नाही. मग खरा उपाय एकच: दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा मोजणं आणि वाढीचा वेग पाहणं. दहाव्या रेषेवर चालणारं निरोगी छोटं बाळसुद्धा ३२ ते ३४ या दोन आठवड्यांत साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास वाढतं. दोन आठवड्यांच्या आत पुन्हा वजन काढू नका. मोजण्यातली चूकच त्या काळातल्या वाढीएवढी असते.

ती चूक किती? नेहमीच्या सूत्रांत वजनाचा अंदाज दहा टक्क्यांनी सहज इकडे-तिकडे होतो, कधी पंधरा टक्क्यांनी. १५५० मध्ये दहा टक्के कमी केले तर १३९५, म्हणजे तिसऱ्या पर्सेंटाइलच्या खाली. वाढवले तर १७०५, म्हणजे दहाव्याच्या वर. एका आकड्यावर निदान उभं राहत नाही, ते यामुळे.

चुकीचा मोठा वाटा पोटाच्या घेरातून येतो. पोटाचं आडवं छेदचित्र गोल हवं, लांबट नको. त्यात जठराचा काळा ठिपका आणि नाळेची शीर यकृतातल्या पोर्टल सायनसला मिळते तो भाग दिसला पाहिजे. मूत्रपिंड दिसत असेल तर छेद खाली गेला आहे. दोन्ही बाजूंना एक-एक बरगडी सारखी दिसली तर छेद तिरका नाही. लंबवर्तुळ त्वचेच्या बाहेरच्या कडेवरून फिरवा. पाणी कमी असलं की प्रोब दाबण्याचा मोह होतो; दाबलं की पोट चपटं होतं आणि घेर फसवा येतो. तीनदा मोजून सरासरी घ्या.

रिपोर्टात 'दोन आठवडे मागे' असं लिहिण्याची आपल्याकडची पद्धत सोडायला हवी. आठवड्यांचा फरक म्हणजे पर्सेंटाइल नव्हे. रिपोर्टात वजनाचा आणि पोटाच्या घेराचा पर्सेंटाइल, कोणता तक्ता वापरला, आणि आधीच्या तपासणीशी तुलना या तीन गोष्टी मागा. तक्ता आणि सूत्र एकाच घरचं हवं. इंटरग्रोथ-२१ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचं वजनाचं सूत्र फक्त डोक्याचा आणि पोटाचा घेर घेतं. हॅडलॉकच्या सूत्राने काढलेलं वजन इंटरग्रोथच्या तक्त्यावर टाकलं की पर्सेंटाइल भलताच येतो. हा प्रकल्प आपल्याला परका नाही: जगातल्या ज्या आठ ठिकाणी निरोगी, नीट पोषण असलेल्या गर्भवतींची मोजमापं घेतली गेली, त्यांत नागपूर होतं. २०१४ मध्ये त्याचे तक्ते आले. 'आपल्याकडची मुलं लहानच असतात' असं म्हणून नवव्या पर्सेंटाइलकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. दुसऱ्या बाजूला, पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांच्या अभ्यासात इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना करता चरबी बऱ्यापैकी राखलेली, पण पोटाचा घेर आणि दंडाचा घेर फार कमी, असंही दिसलं आहे. त्यामुळे एकदाच मोजलेल्या कमी घेरावरून घाबरूही नये. रेषा कुठे चालली आहे ते पाहा. जो तक्ता निवडाल तो त्या गर्भवतीसाठी शेवटपर्यंत तोच ठेवा.

आता निदानाचे निकष. दहाव्या पर्सेंटाइलखालचं प्रत्येक बाळ 'लहान' असतं, पण प्रत्येकाची वाढ खुंटलेली नसते. काही जण आईवडिलांसारखे किरकोळ बांध्याचे असतात. २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या सहमतीने ठरलेली व्याख्या वापरा. ३२ आठवड्यांच्या आत: वजन किंवा पोटाचा घेर तिसऱ्या पर्सेंटाइलच्या खाली, किंवा नाळेच्या धमनीत हृदयाच्या विश्रांतीच्या काळातला प्रवाह पूर्ण थांबलेला, यांपैकी एक पुरे. किंवा दहाच्या खाली आणि सोबत नाळेच्या किंवा गर्भाशयाच्या धमनीचा पीआय (प्रवाहाला होणारा रोध दाखवणारा आकडा) ९५ व्या पर्सेंटाइलच्या वर. ३२ आठवडे पूर्ण झाल्यावर: तिसऱ्याच्या खाली असेल तर तेवढंच पुरे, नसेल तर तीनपैकी दोन गोष्टी हव्यात. वजन वा घेर दहाच्या खाली. रेषा दोन चतुर्थकांपेक्षा जास्त घसरलेली, म्हणजे साठाव्यावरून आठव्यावर आल्यासारखी. आणि सेरेब्रो-प्लासेंटल गुणोत्तर, म्हणजे मेंदूच्या धमनीचा पीआय भागिले नाळेचा पीआय, पाचव्या पर्सेंटाइलच्या खाली किंवा नाळेचा पीआय ९५ च्या वर.

तुमच्या रुग्णाला हे लावून पाहा. तारीख पक्की असेल तर तीनपैकी पहिली गोष्ट आहे. दुसरी ठरवायला आधीची सोनोग्राफी हवी. तिसरी ठरवता येत नाही, कारण मेंदूच्या धमनीचा डॉप्लर, म्हणजे सोनोग्राफीने रक्तप्रवाह मोजणं, केलेलाच नाही. म्हणजे 'आययूजीआर' हा शेरा आज तरी अर्धवट आहे आणि 'नॉर्मल डॉप्लर' हाही. ३२ आठवड्यांनंतर वार हळूहळू कमी पडते तेव्हा नाळेचा प्रवाह शेवटपर्यंत चांगला दिसू शकतो. बाळ मात्र मेंदूकडे जास्त रक्त वळवून तग धरत असतं. ते फक्त मेंदूच्या धमनीत दिसतं. उशिराच्या काळात पोटात अचानक दगावणारी बरीच बाळं याच गटातली असतात.

डॉप्लर घेताना काय चुकतं तेही सांगतो. बाळ श्वासाच्या हालचाली करत असेल तर थांबा. लाटा एकसारख्या येईपर्यंत मोजू नका. नाळेची मोकळी तरंगती वळी निवडा. पोटाजवळ प्रवाहाला रोध जास्त दिसतो, वारेजवळ कमी. दर वेळी वेगळी जागा घेतली तर फरक बाळात नसून तुमच्या हातात असतो. वॉल फिल्टर (मंद प्रवाहाचे संकेत गाळणारी मशीनची सोय) चढवून ठेवलेला असेल तर मंद प्रवाह पुसला जातो आणि 'प्रवाह थांबला' असं खोटंच निदान होतं, म्हणून तो ६० हर्ट्झच्या खाली आणून पुन्हा पाहा. मेंदूच्या धमनीसाठी डोक्याचा आडवा छेद घेऊन रंगीत डॉप्लरवर विलिसचं वलय (मेंदूच्या तळाशी असलेलं धमन्यांचं कडं) शोधा, धमनीच्या उगमाजवळच्या पहिल्या तृतीयांशात गेट (प्रवाह मोजण्याची खूण) ठेवा आणि कोन शून्याच्या जवळ राखा. डोक्यावर प्रोब दाबला की आकडे बदलतात. मग मेंदूच्या धमनीचा पीआय भागिले नाळेचा पीआय. उत्तर एकच्या खाली आलं तर तक्ता न पाहताही ते कमीच आहे. एकच्या वर असेल तर त्या आठवड्याचा तक्ता पाहा. डक्टस व्हेनोसस, म्हणजे नाळेतलं रक्त थेट हृदयाकडे नेणारी गर्भातली छोटी शीर, तपासण्याची गरज प्रामुख्याने ३२ आठवड्यांच्या आतल्या, नाळेचा प्रवाह थांबलेल्या बाळांत असते. ३६ आठवड्यांना त्यात वेळ घालवू नका. प्रत्येक तपासणीला गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचा फॉर्म एफ भरावा लागतो म्हणून डॉप्लर टाळला, असं कुठेही होऊ नये. वाढ आणि डॉप्लर हे दोन्ही त्या फॉर्ममध्ये कारण म्हणून दिलेलेच आहेत.

कारण शोधताना आधी आईकडे पाहा. १२८/८४ आज ठीक आहे, पण वारेचा आजार बाळाच्या वाढीत आधी दिसतो आणि आईचा रक्तदाब काही आठवड्यांनी चढतो, असं नेहमी घडतं. दर भेटीला रक्तदाब आणि लघवीतलं अल्ब्युमिन बघा. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली दुखणं ही लक्षणं तिला आणि सासूला दोघींनाही सांगा. हिमोग्लोबिन, साखर, आणि विदर्भ किंवा नंदुरबारकडची असेल तर सिकलसेल तपासा. तंबाखू विचारताना 'तंबाखू खाता का' एवढंच विचारू नका, 'मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा' असं विचारा. मिश्रीला बायका व्यसन मानत नाहीत, दात घासणं मानतात, आणि त्यातलं निकोटिन सरळ रक्तात जातं. हे कारण आपण खरोखर काढून टाकू शकतो. टॉर्चची (गर्भाला बाधू शकणाऱ्या संसर्गांची) सरसकट तपासणी मागवू नका. आयजीजी प्रतिपिंड पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी होऊन गेलेला संसर्ग, त्यावरून घरात उगाच भीती पसरते. सोनोग्राफीत मेंदूत वा यकृतात चुन्याचे ठिपके, फुगलेले कप्पे असं काही दिसलं तर सायटोमेगॅलोव्हायरसचा विचार करा. २४ आठवड्यांच्या आतच बाळ फार लहान असेल, व्यंग दिसत असेल, किंवा बाळ लहान असूनही पाणी जास्त असेल तर गुणसूत्रांची तपासणी सुचवा. 'असिमेट्रिकल' आणि 'सिमेट्रिकल' या जुन्या शब्दांनी कारणही कळत नाही आणि पुढचा निर्णयही होत नाही.

उपचारांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. आर्जिनिनच्या पुड्या, अमिनो आम्लांची सलाइनं, प्रोटीन पावडर यांनी कमी पडणारी वार सुधारते, याला भक्कम पुरावा नाही. सिल्डेनाफिलच्या चाचण्यांत फायदा दिसला नाही आणि नेदरलँड्समधली चाचणी २०१८ मध्ये नवजात बाळांना फुप्फुसांचा त्रास दिसल्याने थांबवावी लागली; ते देऊ नका. पूर्ण झोपून राहण्यानेही वाढ सुधारत नाही, पायात गुठळी होण्याचा धोका मात्र वाढतो. तिला पोटभर जेवू द्या, रक्त कमी असेल तर लोह द्या. पुड्यांवर घरचे जे पैसे खर्च करतात त्यांत दोन-तीन डॉप्लर होतात, आणि तिच्या बाळाला उपयोग त्यांचा आहे. खुंटलेल्या वाढीवर एकच उपाय आहे: योग्य दिवशी बाळंतपण. बाकीची सगळी तपासणी तो दिवस शोधण्यासाठी असते.

तुमच्या रुग्णासाठी क्रम असा ठेवा. या आठवड्यातच मेंदूच्या धमनीसह डॉप्लर, पाण्याचा सर्वांत खोल कप्पा (दोन सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे पाणी कमी) आणि एनएसटी, म्हणजे कळा नसताना काढलेला बाळाच्या ठोक्यांचा आलेख. सगळं ठीक असेल तर एक-दोन आठवड्यांनी डॉप्लर आणि वजन दोन-तीन आठवड्यांनी. नाळेचा पीआय वाढलेला किंवा गुणोत्तर घसरलेलं असेल तर दर आठवड्याला. प्रवाह थांबला तर ती तालुक्यात ठेवण्याची रुग्ण नाही. दाखल करून आठवड्यातून दोन-तीनदा तपासणी, आणि प्रवाह उलटा झाला तर रोज. एनएसटी चांगली आली म्हणून आठवडाभर निश्चिंत राहू नका. अशा बाळात ती फार तर एक-दोन दिवसांची ग्वाही असते. हालचालींसाठी तिला सोपं सांगा: डाव्या कुशीवर पडून दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या पाहिजेत, कमी वाटल्या किंवा नेहमीची लय बदलली तर त्याच दिवशी यायचं, सकाळची वाट पाहायची नाही. 'दिवस भरत आले की बाळ शांत होतं' हे घरोघरी सांगितलं जातं, ते खोडून काढा.

बाळंतपणाची वेळ. तिसऱ्या ते दहाव्याच्या मध्ये, डॉप्लर सगळे चांगले: ३८ ते ३९ आठवडे. तिसऱ्याच्या खाली किंवा नाळेचा पीआय वाढलेला: ३७ च्या सुमारास. मेंदूकडे रक्त वळल्याचं दिसलं, बाकी ठीक: ३८ च्या आसपास, त्यापुढे रेटू नका. नाळेचा प्रवाह थांबलेला: ३४ पर्यंत, ३२ नंतर केव्हाही निर्णय घेता येतो. प्रवाह उलटा: ३२ पर्यंत, ३० नंतर विचार सुरू. त्याहून लवकरच्या काळात डक्टस व्हेनोससची 'ए' लाट शून्यावर किंवा उलटी जाणं, किंवा संगणकीय सीटीजीवरची (ठोक्यांच्या आलेखावरची) अल्पकालीन चलता, म्हणजे लागोपाठच्या ठोक्यांमधला फरक, २६ ते २८ आठवड्यांत २.६ आणि २९ ते ३१ मध्ये ३ मिलिसेकंदांच्या खाली जाणं, यावर ठरतं. हे मशीन नसेल तर कळा नसतानाही आपोआप, पुन्हा पुन्हा मंदावणारे ठोके हा कुठल्याही आठवड्यातला इशारा धरा. आईचा रक्तदाब बिघडला तर हे सगळे आकडे बाजूला राहतात.

३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण होईल असं दिसलं की डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम स्नायूत, १२ तासांनी एक, असे चार डोस. इथे एक सापळा आहे. स्टेरॉइडनंतर थांबलेला प्रवाह काही दिवस परत आल्यासारखा दिसतो आणि 'बाळ सुधारलं' म्हणून कुणी घरी पाठवतं. वार सुधारलेली नसते. उलट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठोक्यांची चलता आणि हालचाली थोड्या मंदावतात, तेव्हा त्या एकाच कारणावरून घाईने सिझेरियनही नको; डॉप्लरसोबत वाचा. ३२ आठवड्यांच्या आत असेल तर बाळाच्या मेंदूसाठी मॅग्नेशियम सल्फेट, ४ ग्रॅम शिरेतून सावकाश आणि मग तासाला १ ग्रॅम. पाठवायचं असेल तर बाळ पोटात असतानाच पाठवा, आणि चिठ्ठीवर पक्की तारीख, सर्व वजनं, डॉप्लरचे आकडे आणि स्टेरॉइडच्या डोसांच्या वेळा लिहा. जिथे पाठवता तिथे नवजात कक्षात जागा आहे का, हे आधी फोनवर विचारा.

प्रवाह थांबलेला किंवा उलटा असेल तर कळांचा ताण बाळाला सोसत नाही, सहसा सिझेरियनच करावं लागतं. नाळेचा प्रवाह चांगला असेल तर कळा आणून नैसर्गिक बाळंतपण होऊ शकतं, पण ठोके सतत नोंदवले पाहिजेत. औषधापेक्षा फोलीचा फुगा (गर्भाशयाच्या तोंडात ठेवायची फुगा असलेली नळी) वापरला तर कळा अति होण्याचा धोका कमी राहतो. जन्मल्यावर ही बाळं पटकन गार पडतात आणि साखर घसरते. अंग कोरडं करून आईच्या छातीवर, पहिल्या तासात दूध, आणि पहिले दोन दिवस ठरावीक वेळाने साखर. प्रवाह उलटा असलेल्या अगदी लहान बाळांचं दूध मात्र हळूहळू वाढवा, आतड्याला इजा होण्याची भीती असते.

ॲस्पिरिन आता सुरू करून या बाळाला फायदा नाही. ते पुढच्या खेपेला, रोज रात्री १५० मिलिग्रॅम, १६ आठवड्यांच्या आत सुरू करून ३६ पर्यंत द्यायचं असतं. त्यासाठी तिने पाळी चुकल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच यायला हवं, म्हणून डिस्चार्ज कार्डावर बाळाचं वजन, किती आठवड्यांना जन्म झाला आणि 'पुढच्या वेळी लवकर नोंदणी, ॲस्पिरिन' हे मराठीत लिहून द्या आणि ते आशाताईला वाचून दाखवा.